मुलीची नदी

ही नदी सैबेरियाच्या अगदी वरच्या टोकाला आहे. दलदलीतल्या तळ्यांमधून निघते, झाडं नसलेल्या सपाट जमिनीवरून वेडीवाकडी उत्तरेला जाते आणि गोठलेल्या समुद्राला मिळते. काठावर गाव नाही. उन्हाळ्यात रेनडियर पाळणारे लोक तंबू ठोकतात, तेवढंच.

शाळेच्या भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी माझ्या मुलीने ती निवडली होती, वर्गात दुसरं कुणी घेणार नाही म्हणून. त्याच सुमारास, इथे परदेशात, वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागातली माझी नोकरी गेली. मुलीला इतक्यात सांगायचं नाही, असं बायकोने आणि मी ठरवलं. मी रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचो आणि टॅम्पिनीसच्या लायब्ररीत बसायचो. अर्ज पाठवून झाले की नदीचे फोटो उघडायचो. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटत नव्हतं. वळणं बघता बघता दुपार सरायची. हळूहळू नकाशा, तक्ते, मजकूर, सगळं मीच केलं. तिला मदत करतोय, असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे माझं काम गेलं होतं, म्हणून मी तिचं घेतलं.

रविवारी जेवणाच्या टेबलाशी ती बोलायचा सराव करत होती. नदीला पूर का येतो, इथे अडली. मी लगेच सांगू लागलो, की उगमाकडचा बर्फ आधी वितळतो, मुखाशी मात्र तो तसाच असतो, मग पाण्याला वाट मिळत नाही आणि ते मैदानभर पसरतं.

"मग तूच दे ना टॉक," ती म्हणाली आणि इथल्या शाळेतल्या इंग्रजीवर घसरली. "युअर रिव्हर ऑलरेडी, लाह. तुला एवढा वेळ कुठून मिळतो, बाबा?"

ओट्याशी बायकोचा हात थांबला. मी सांगून टाकलं. नोकरी नाही, इथे राहायची मुदत संपत आलीय, दुसरं काही मिळालं नाही तर पुण्याला परतावं लागेल. बातम्या वाचून दाखवाव्यात तसा माझा आवाज येत होता.

मला वाटलं, ती रडेल. ती समोरच्या नकाशाकडे बघत राहिली.

"प्रेझेंटेशन शुक्रवारी आहे. तोपर्यंत आहोत ना आपण?"

"आहोत."

"ओके. मग हे सगळं मी पुन्हा करणार."

माझा नकाशा तिने बाजूला सरकवला आणि कोऱ्या कागदावर पेन्सिलीने नदी काढायला घेतली. पहिलंच मोठं वळण तिने उलट्या बाजूला नेलं. मी हात टेबलाखाली घेतले.