“किती हायती?” “दोन!”

परवाच्या शनिवारी माझ्या नवऱ्याच्या ग्रामीण मराठीने आम्हाला चांगलंच तोंडघशी पाडलं.

तसा तो पक्का सोलापूर शहरातला. पण सायकल गावाबाहेर पडली की त्याच्या अंगात काय संचारतं कुणास ठाऊक... ‘लई’, ‘व्हय’, ‘हाय की’ सुरू! असं बोललं की लोकांना परकं वाटत नाही, हे त्याचं ठाम मत.

सकाळी अक्कलकोट रोडने निघालो तेव्हा एमआयडीसीतले कामगार सायकलवरून कामाला चालले होते. आमची हेल्मेटं आणि मागे बांधलेला तंबू बघून एकाने ‘कुटं?’ एवढंच विचारलं. ‘असंच’ म्हटल्यावर तो हसला आणि पुढे गेला.

आडरस्त्याची गावं करत दुपार कलली तेव्हा वळसंगच्या पुढे आलो होतो. पाय बोलायला लागले होते, नवऱ्याचे जरा जास्तच. तंबूत झोपायची माझी ही पहिलीच वेळ... मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या रानात पाऊल टाकणार नाही, ही माझी अट होती.

चहाच्या टपरीवाल्याने समोरचं ज्वारी काढलेलं रान दाखवलं. कडेला लिंब, शेजारी विहीर. मालकाचा नंबरही त्यानेच दिला. नवऱ्याने घसा खाकरला आणि फोन स्पीकरवर टाकला.

“आमी आज रातच्याला तुमच्या रानात बसावं म्हन्तो.”

“बसवा की! किती हायती?”

“दोन.”

“दोन? लई ब्येस झालं. हिरीला पानी बी हाय, या.”

काय दिलदार माणूस, असं वाटून मला भरूनच आलं. लिंबाखाली तंबू ठोकला. नवरा आडवा होऊन म्हणाला, आता उद्या सकाळपर्यंत मला उठवू नकोस.

दिवस मावळायला टेकला आणि मालक काका चालत आले. आमच्याकडे बघितलं, तंबूकडे बघितलं, मग सगळ्या रानावर नजर फिरवली.

“मेंढरं कुटं हायती?”

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो...

सुगी झाली की इकडे शेतकरी रिकाम्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवतात. रात्रभर कळप बसला की जमिनीला खत मिळतं, धनगराला त्याबद्दल धान्य. नवरा ‘बसावं’ म्हणाला, काकांनी ‘बसवावं’ ऐकलं... आणि दोन म्हणजे दोन कळप! त्याची भाषा ऐकून शहरातला माणूस बोलतोय ही शंका तरी कशी यावी?

मला हसू फुटलं. पण काका हसले नाहीत.

दोन कळप आपणहून येतायत म्हणून त्यांनी आधी ठरलेल्या धनगराला ‘आज नको’ सांगून टाकलं होतं. आता त्याचा फोन लागत नव्हता. “मगाशीच गेली वो ती फुडं. दोन मेंढ्या व्यायला झाल्यात, संगं बारकं लेकरू हाय. आन् फुडं पानी न्हाय कुटं...”

माझं हसू जागच्या जागी थांबलं. नवऱ्याने बूट घातले. मघाशी ज्याचे पाय चालत नव्हते तो सायकलवर बसून निघाला, त्याच्या मागे मी.

एका कोरड्या ओढ्याच्या पलीकडे धूळ दिसली. कळप रस्त्याकडेला थबकला होता. घोड्यावर संसार लादलेला, आणि बाई कडेवर लेकरू घेऊन मागे राहिलेल्या मेंढ्या हाकत होती.

नवरा उतरला. मी वाट बघत होते, आता ‘लई’ येणार... नाही आलं. आपल्या रोजच्या, घरातल्या मराठीत तो म्हणाला, “दादा, चूक माझी आहे. तुमची जागा मी अडवली. परत चला.”

बाईने विचारलं, “पानी हाय न्हवं तितं?”

“आहे.”

तिने तोंडाने एक आवाज काढला आणि कळप वळला. मग एक कोकरू सरळ माझ्या हातात दिलं. एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हातात ते धडधडणारं ऊन ऊन पिल्लू घेऊन मी मेंढ्यांच्या चालीने परत आले.

आम्ही तंबू बांधाला नेला. त्यांनी रानात मेंढ्यांभोवती जाळी लावली. चुलीवर भांडं चढवता चढवता बाईने मला विचारलं, “घर न्हाय व्हय तुमास्नी?”

“आहे की, सोलापुरात.”

“मग?”

ती हसली, मीही हसले.

सकाळी तंबूची चेन उघडली तर एक मेंढी व्यालेली. ओलं कोकरू लटपटत उभं राहायचं, पडायचं, पुन्हा उठायचं. हे रस्त्यात झालं असतं तर... धनगराने आणि बाईने आम्हाला एका शब्दाने बोल लावला नव्हता.

मोकळं रान, मोकळं रान म्हणून फोटो टाकतो आपण. कुणाचा तरी मुक्काम तिथे आधीच ठरलेला असतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

काल पुढच्या ट्रिपसाठी नवऱ्याने एका शेतकऱ्याला फोन लावला. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होते. अगदी साधी, शहरी मराठी...

“नमस्कार काका. येत्या शनिवारी तुमच्या रानात आधी कुणाचं ठरलंय का हो?”