बटणाच्या झबल्यातला दाब

आमच्या रस्त्यावर कुणाची छाती किती आणि कुणाचं पोट किती, हे त्या माणसाला माहीत नसलं तरी टेपआबांना माहीत असायचं. आबा शिंपी. सकाळी उठलं की गळ्यात मापाची टेप घालायचे, ती निजताना काढायचे. जेवताना तिचं टोक ताटात लोळायचं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला आणि त्याबरोबर नावही उडालं. उरले ते टेपआबा.

पुढे एका खोलीचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, मध्ये फुलाफुलांचा पडदा. मशीन दाराशी, जिथं उजेड पडतो तिथं. त्या मशीनवर बसून आबांनी एक वाक्य आयुष्यभर सांभाळलं होतं, "माझं माप चुकत नाही." कुणी म्हटलं, आबा, सदरा तंग झाला, तर आबा चष्म्यावरून बघायचे. "सदरा होता तेवढाच आहे. आरशात जाऊन पोट बघा." आणि खरोखरच चुकलं असेल तर? तर गिऱ्हाईक गेल्यावर ते मुकाट्यानं टीप उसवायचे, कपडा नीट करायचे, आणि देताना म्हणायचे, "इस्त्री नीट बसली नव्हती, बाकी काही नाही." चूक सुधारायची, पण तोंडानं कबूल करायची नाही. कारागीर फार चांगला. माणूस म्हणाल तर ताठ.

लेकरांचे कपडे शिवावेत ते आबांनीच. शिवणीच्या आत ते भरपूर दाब सोडायचे. दाब म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. मूल वाढलं की टीप उसवायची, दुमड सोडायची, झगा पुन्हा अंगाला येतो. "वाढत्या जिवाला दाब पाहिजे," आबा म्हणायचे. "दाब न सोडणारा शिंपी म्हणजे पोर वाढू नये असं म्हणणारा दुष्ट."

आबांचा मुलगा ट्रक चालवायचा. घरी आला की दोन दिवस झोपायचा आणि पुन्हा जायचा. त्याची पहिली बायको लेक रांगत असतानाच गेली. लेकीला सगळे चिमणी म्हणत. तिला आबांनीच वाढवलं, कापडाच्या चिंध्यांत खेळवत. मग मुलानं दुसरी बायको केली. ही आधी लाँड्रीत कामाला होती. बोलायची कमी, पण तिच्या हातची घडी बघावी. चादर घडी करून ठेवली की वाटायचं, दुकानातून आताच आली आहे. चिमणीला घड्यांशी काय करायचं होतं? ती नव्या बाईला "अगं" म्हणायची, नाहीतर काहीच म्हणायची नाही, नुसती पुढ्यात जाऊन उभी राहायची.

मग एका खेपेला मुलानं खोक्यातून कुत्र्याचं पिल्लू आणलं. तांबूस, लोंबत्या कानांचं, मुठीत मावेल एवढं. "छोटी जात आहे," तो म्हणाला. आबांनी त्याला तळहातावर घेतलं, काळजीपूर्वक उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हे कुत्रं कसलं? हे तर बटण." तेच नाव पडलं.

बटणानं त्या घरात एक काम केलं, जे माणसांना जमलं नव्हतं. त्याला चार वेळा खायला लागायचं, आणि वाटी भरायची सून, वाटी धरायची चिमणी. दोघी एका वाटीवर वाकायच्या. एक दिवस सून मागे कपडे पिळत होती, तेव्हा चिमणी ओरडत आली, "आई, बटणानं आबांची चप्पल खाल्ली!" सून पिळता कपडा हातात धरून तशीच उभी राहिली. पाणी तिच्या पायांवर गळत होतं. आबांनी पडद्याआडून ते पाहिलं आणि चपलेबद्दल एक शब्द काढला नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा आबांनी बटणाला झबलं शिवलं. अर्थात दाब सोडून. दुकानाच्या चौकटीवर चिमणीची उंची ते खडूनं दर महिन्याला नोंदवायचे, त्याच्या खाली आता बटणाचीही रेघ यायला लागली. पहिले काही महिने पिल्लू असं वाढलं की आबांना उसवायला वेळ पुरेना. मग रेघा जवळजवळ यायला लागल्या. नंतर रेघेवरच रेघ. झबल्याच्या आत अजून बोटभर दाब शिल्लक, आणि पिल्लू काही तो मागेना.

आबांनी उभ्या आयुष्यात असा जीव पाहिला नव्हता जो वर्षही पुरं व्हायच्या आत वाढायचा थांबतो. त्यांच्या लहानपणीची राखणीची कुत्री दोन-दोन वर्षं रुंदावत जायची. त्यांच्या हिशोबात एकच गोष्ट बसत होती, जीव वाढत नाही म्हणजे जिवाला मिळत नाही. आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की चार वेळची वाटी आता दोनच वेळा भरते. दूध तर बंदच झालं होतं.

एका सकाळी शेजारची बेकरीवाली सदऱ्याला काज करून घ्यायला आली होती. जिभेनं तिखट, मनानं बरी. बटण दारात ऊन खात पडलं होतं.

"काय हो आबा, तुमचं बटण काही कोटाचं होईना. झबल्याचंच राहिलं!"

आबांचा पाय मशीनवर थांबला. पडद्यापलीकडे सून जमिनीवर फडकं मारत होती, चिमणी शाळेच्या बुटाची नाडी बांधत बसली होती. आबांना दोघी दिसत होत्या.

"कसं होणार?" आबा मोठ्यानं म्हणाले. "वाटीला हात आखडणारं माणूस घरात असल्यावर?"

"अगं बाई!"

"चारदा मिळायचं, आता दोनदा मिळतं. दूध कुठं जातं देव जाणे. मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढतात, ते परक्या पोरीला काय पोटभर घालत असतील?"

सून फडकं घेऊन उठली. "आबा, सुई टोचायला नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आता दोनदा..." एवढं म्हणाली आणि थांबली. कारण चिमणी नाडी सोडून तिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याकडे नव्हे. तिच्या हातांकडे.

त्या दिवसापासून चिमणीनं सुनेच्या हातचं खाणं सोडलं. रुसली नाही की रडली नाही. ताट पुढे आलं की म्हणायची, "आबा वाढतील." दुधाचा पेला उजेडात धरून कुठवर भरलाय ते बघायची. आणि "आई" हा शब्द पुन्हा कधी तोंडून निघाला नाही. सुनेनं ताट पुढे करायचं आणि मागे घ्यायचं, असं दोन्ही वेळा चालू राहिलं. तिच्या चादरींच्या घड्या मात्र तशाच सरळ.

आबांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण ताठ माणसाला दुसऱ्याच्या दुःखाआधी आपला खरेपणा हवा असतो. शेवटी ते बटणाला पिशवीत घालून, बरोबर झबलं घेऊन, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पुरावा दाखवायचा आणि डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्यायचं, की बघा, उपाशी ठेवलंय.

दवाखान्यात बाकावर गर्दी होती. आबांनी टेबलावर झबलं उलटं करून पसरलं. "एवढा दाब शिल्लक आहे, बाई. हे वाढायला हवं होतं. याला घरी खायला मिळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी बटणाच्या फासळ्यांवरून बोटं फिरवली, वजनकाट्यावर ठेवलं, दात पाहिले. मग त्यांना हसू आवरेना.

"आजोबा, हा वाढायचा थांबला नाही, हा वाढून झालाय. छोट्या जातीची पिल्लं आठ-दहा महिन्यांत पुरी होतात, फार तर वर्ष. मोठ्या जातीची दीड-दोन वर्षं घेतात. हा आता मोठा माणूस आहे, एवढाच राहणार."

"पण चारदा खायचा, आता दोनदाच..."

"बरोबर आहे. लहान असताना चारदा, मोठा झाला की दोनदा. कोण देतं याला? चांगली काळजी घेतलीय, केस बघा किती चकाकताहेत. एकच सांगा त्यांना, हात जरा आखडता घ्या. फासळी शोधावी लागते मला, इतकं चढलंय अंगावर."

बाकावरची माणसं हसली. हसण्यात काही वाईट नव्हतं. पण आबांना वाटलं, आपण भर बाजारात उघडे उभे आहोत. त्यांनी घाईघाईनं झबलं उचललं. सुनेला जो शब्द त्यांनी लावला होता, तोच डॉक्टरीणबाईंनी सल्ला म्हणून दिला होता.

परत येताना बेकरीवाली दारात होतीच. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"ठीक आहे म्हणाल्या," आबा म्हणाले आणि पिशवी छातीशी धरून आत सटकले.

तेव्हा सांगितलं असतं तर? पण आयुष्यभराची सवय. चूक मुकाट्यानं उसवायची आणि कपडा देऊन टाकायचा. आबांनी कपाटातून स्वतःसाठी ठेवलेलं गडद निळं कापड काढलं आणि सुनेसाठी एक कुडता शिवला. गळ्याला हातशिलाई, काजं रेशमी धाग्याची. माप घेतलं नव्हतं, नजरेनंच शिवला. तिच्या उशीवर ठेवला आणि मशीनवर येऊन बसले.

थोड्या वेळानं सून पडदा बाजूला करून आली. कुडत्याची सुरेख घडी केली होती. ती तिनं मशीनवर ठेवली.

"आबा, कुडता छान आहे. अंगालाही येईल."

"मग घाल ना, पोरी."

"डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तुमच्या तोंडावर दिसतंय. मला कळलं, तेवढं पुरे. पण मी कुडता घातला म्हणून चिमणी माझ्या हातचं खाणार नाही. तिनं ऐकलं ते तुमच्याकडून ऐकलंय."

ती आत गेली. आबा त्या घडीकडे बघत बसले. कापलेलं कापड जोडता येतं, पण जोड दिसतो, हे लोकांना सांगणारे तेच होते.

चिमणी शाळेतून आली तेव्हा बेकरीवाली काज केलेला सदरा न्यायला आलेली होती. आबांनी हाक मारली, "सूनबाई, जरा बाहेर ये." तिघीही दारातल्या उजेडात उभ्या राहिल्या. आबांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. नुसता गळा बघून बेकरीवाली दचकलीच.

"माझं माप चुकलं," आबा म्हणाले.

"सदऱ्याचं?" बेकरीवालीनं हातातला कपडा उलगडला.

"सदऱ्याचं नाही, वहिनी. बटण वाढून झालंय. ते एवढंच असतं. खायला भरपूर मिळत होतं, उलट थोडं जास्तच. मी तुमच्यासमोर सुनेला नाही ते बोललो. ते खोटं होतं."

बेकरीवालीनं पदराआड तोंड लपवलं नाही की टोमणा मारला नाही. "मीही 'अगं बाई' म्हणाले होते," एवढंच पुटपुटली.

चिमणी आजोबांकडे बघत होती. "म्हणजे बटणाला उपाशी ठेवलं नव्हतं?"

"नाही."

"आणि मला?"

आबांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. सात वर्षांच्या पोरीच्या मनात आपण काय पेरून ठेवलं, ते त्यांना तेव्हा पुरतं दिसलं. "तुला कधीच नाही, बाळ. ते आजोबांच्या जिभेतून आलं होतं."

सुनेनं बेकरीवालीनं येताना आणलेल्या पावाचा तुकडा मोडला आणि चिमणीपुढे धरला. चिमणीनं तो घेतला. पण खाण्याआधी तिनं तो उलटसुलट करून पाहिला, किती मोठा आहे ते. मग खाल्ला.

सून दुसरीकडे बघत होती. आबांनी मात्र ते पाहिलं.

चिमणी पुढे उंच झाली, चौकटीवरच्या तिच्या रेघा वर वर गेल्या, "आई" हा शब्दही हळूहळू परत आला. घास बघून खायची ती सवय मात्र कितीतरी दिवस राहिली. जेव्हा जेव्हा ती सवय दिसायची, तेव्हा आबांचा हात ताटातच थांबायचा. बटणाचं झबलं शेवटपर्यंत तेच होतं. आतला दाब आबांनी कापून टाकला नाही. कुणी विचारलं की सांगायचे, "राहू दे. तो माझ्यासाठी आहे."