चुनखडीखालचं प्रवाळ

येरमाळ्याच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, माझ्या वर्गातल्या मुलांनी तर तेवढाही नाही. तरी आठवीतल्या एका मुलीनं शाळेच्या प्रदर्शनासाठी विषय निवडला तो मरत चाललेल्या प्रवाळाचा. "पोळ्याचे बैल कर, सोपं जाईल," असं मी सुचवून पाहिलं. ती ऐकेल तर शपथ. जिल्ह्याला एकच कलाकृती जाणार होती आणि ती आपलीच असावी, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

खिडक्यांना तिनं निळ्या साड्या बांधल्या. निळसर उजेड पसरला आणि आमचा वर्ग हळूहळू कुठंतरी खोल उतरत गेला. साड्या हलल्या की फरशीवरचा उजेडही हलायचा. वाळलेल्या दोडक्यांच्या जाळ्या रंगवून तिनं अर्धं प्रवाळ जिवंत केलं. लाल, केशरी, जांभळं. उरलेलं अर्धं मेलेलं, पांढरंफटक. पाणी तापलं की प्रवाळाचा रंग उडतो, हे तिनंच मला सांगितलं. त्या भागासाठी तिनं रानातली चुनखडी रचली आणि उरलेले खडे घमेल्यात ठेवले. मी खुर्चीत बसून नुसता बघत राहायचो. शाळेची घंटा पाण्यातून आल्यासारखी वाटायची, घरी जायचं जिवावर यायचं.

या नादात मी अक्कल मात्र गहाण ठेवली होती. आमच्याकडं चैत्रातल्या यात्रेत प्रत्येकानं चुनखडीचे पाच खडे वेचून देवीसाठी ढिगावर टाकायचे असतात. प्रदर्शनाला आलेल्या बायांनी पांढरा ढीग पाहिला, शेजारचं घमेलं पाहिलं आणि पाच-पाच खडे वाहून, हात जोडून त्या पुढं सरकल्या. घमेलं संपल्यावर मैदानातलेही खडे आले. मी चहाला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर ढीग पसरून शेजारचा जिवंत भाग पार बुडालेला.

माझा पारा चढला. "कुणी सांगितले होते हे उद्योग?" असं ओरडत मी दोन्ही हातांनी खडे उपसू लागलो आणि खालची एक जाळी माझ्याच हातानं चुरली. मुलीनं माझं मनगट धरलं. तेवढ्यात परीक्षक आत आले.

"यात प्रवाळ कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"खाली दबलंय, सर." तिचे डोळे भरले होते. "समुद्रातबी असंच व्हतंय. कुणी वाईट मनानं करत न्हाय."

त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या वर्गातलं चित्र निवडलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? बायाही ओशाळल्या होत्या. त्यातली एक म्हातारी पुढं आली.

"आता काढायचं कसं गं, बाय?"

"एकेक काढा, आज्जी. खालचं लई नाजूक हाय."

म्हातारी फरशीवर बसली, मग बाकीच्याही बसल्या. मीही बसलो आणि आधी कुठला खडा उचलू, ते त्या मुलीला विचारलं.