देवा, डिप्रेशन निघू दे!

डोंबिवलीतल्या एका मेमरी क्लिनिकमध्ये मी टेस्ट घेते. विसरणं साधं की डिमेन्शिया, आणि डिमेन्शिया असला तर कुठला, ते शोधायचं. लोक विसरतात आणि त्यांचे किस्से माझ्या डोक्यात साठतात. घरी जाऊन ते सांगायचंही त्राण नसतं, म्हणून आज तुम्ही सापडलात!

*

ठाण्याचे एक रिटायर्ड मॅनेजर. मुलाने नेटवरून प्रश्न काढून सगळं त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. मी नुसतं "नमस्कार काका" म्हटलं, तर सुरूच झाले, "बुधवार! ठाणे! हिवाळा!"

"काका, आज वार कोणता?"

"तो झाला मॅडम, पुढचा घ्या!"

त्या दिवशी शुक्रवार होता.

*

कोपरीचे एक काका. तारीख, वार, लक्षात ठेवायला दिलेले शब्द, सगळं बरोबर! मग त्यांनी शांतपणे माझा डबा उघडला आणि भाजी खाल्ली. वर म्हणाले, "मीठ कमी आहे."

मुलगी रडकुंडीला आली. "मॅडम, आग्रह केल्याशिवाय चहा न घेणारा माणूस हो हा!"

याला मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया म्हणतात. आठवण शाबूत राहते, संकोच जातो. हे घरच्यांना समजावताना माझा घसा बसतो.

*

खडवलीच्या दादांना घड्याळ काढायला सांगितलं, तर सगळे आकडे एका कोपऱ्यात. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडले, "आधी या पोरांना बाहेर काढा!"

लेवी बॉडी डिमेन्शियात अशी नसलेली माणसं दिसतात. वहिनी दमून म्हणाल्या, "रोजच असतात. मी त्यांचापण चहा टाकते. नाहीतर हे पीत नाहीत."

मलाही तेव्हा चहाच हवा होता.

*

आमच्याकडे डिप्रेशन निघालं तर लोक पेढे आणतात! त्यातही माणूस विसरतो, पण ते बरं होऊ शकतं. डिप्रेशनवाले बऱ्याचदा "माहीत नाही" म्हणून सोडून देतात. अल्झायमरवाले काहीतरी ठोकून देतात.

कल्याणच्या एका रिटायर्ड मास्तरांनी हे कुठेतरी वाचलेलं. बायकोला घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "मुलगा परदेशी गेल्यापासून खचलीय हो. डिप्रेशनच असेल ना?"

मी त्यांना बाहेर बसवलं.

"काकू, आज वार कोणता?"

"माहीत नाही."

"महिना?"

"माहीत नाही."

"पाणी देऊ?"

"माहीत नाही."

मी पेन खाली ठेवलं. "काकू, बाहेर बसलेत ते कोण?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे झुकून हळूच विचारलं,

"तेसुद्धा माहीत नाहीच म्हणायचंय का?"