रक्ताच्या खोलीतली आक्का

आक्का वजनकाट्यावर चपला घालून चढायची. "चपला काढा, आक्का, वजन चुकतं," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ऱ्हाऊ दे गं. एवढ्या वजनात चप्पल कुठं उठून दिसतीय?" काटा थांबला की आकडा ती स्वतःच वाचायची, बाहेरच्या बाकावरच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. बायका हसायच्या आणि पदर सावरत एकेक जण आपण होऊन काट्याकडे यायची. त्याच बायकांना विनवण्या करून मी तासभर आधी थकलेली असायचे.

ही गोष्ट सुरू झाली ती दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत. शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात मी रक्त तपासण्याचं काम करत होते आणि आक्का तिथली आया होती. मी दौंडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी, पुण्यात लॅबचा डिप्लोमा करून आलेली. आक्का राहू गावची. तिच्या सासरी दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं होती, आता ऊस होता. नवरा लवकर गेला, मुलगा शेती बघू लागला आणि ही आमच्याकडे कामाला लागली. पन्नाशी ओलांडलेली, रंगाने काळी, अंगाने अवाढव्य. मी काडीसारखी. ती मला 'काडीबाई' म्हणायची. मला ते मुळीच आवडायचं नाही.

पुण्याच्या एका डॉक्टरबाई तेव्हा पंधरा दिवसांनी आमच्याकडे यायच्या. स्थूल बायकांच्या रक्तातले हार्मोन आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध त्या शोधत होत्या. त्यांना तीन तऱ्हेच्या बायकांचं उपाशीपोटी काढलेलं रक्त हवं होतं : कर्करोग झालेल्या, जाड पण धडधाकट, आणि सडपातळ. मी रक्त काढायचं, यंत्रात फिरवून त्यातलं पिवळसर पाणी वेगळं करायचं आणि बर्फात घालून पुण्याला पाठवायचं. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, "पाळी गेली की बीजकोश थकतात. पण अंगातली चरबी इस्ट्रोजेन तयार करतच राहते. जाड बाईचं इन्शुलिनही बहुधा चढलेलं असतं. हे आकडे आणि हा आजार बरोबर चालतात का, ते बघायचंय. एका बाईचा आकडा बघून तिला कॅन्सर होणार की नाही, हे मात्र कुणी सांगू नका."

मी वहीत उतरवून घेत होते. आक्का दाराला टेकून म्हणाली, "म्हंजी चरबी नुस्ती बसून खात न्हाई. तिचाबी कारखाना चालूच असतुया."

डॉक्टरबाई इतक्या खूश झाल्या की त्यानंतर प्रत्येक गावात त्यांनी 'आमच्या आक्का म्हणतात तसं' म्हणूनच सुरुवात केली. माझ्या वहीकडे कुणी पाहिलं नाही.

उपाशीपोटी या म्हणून सांगितलं तरी मांडवगण फराट्याहून पहाटेची एसटी धरून आलेली बाई चहा घेतल्याशिवाय कशी येणार? मी विचारलं की सगळ्या उपाशीच असायच्या. मग आक्का शेजारी टेकायची. "काय गं, चहात काय बुडवलंस, बटर का खारी?" बाई लाजून म्हणायची, "बटर. एकच." आक्का माझ्याकडे बघून डोळा मिचकावायची. खोट्या उपासाचं रक्त पुण्याला गेलं असतं तर इन्शुलिनचा आकडा वाया गेला असता, हे मला कळत होतं. तिच्यामुळे माझं काम चोख होत होतं. तरी ते मिचकावणं मला झोंबायचं.

अर्जावर प्रश्न होते : पाळी कधी गेली, मुलं किती, अंगावर किती महिने पाजलं. मी वाचून दाखवलं की बायका भिंतीकडे बघायच्या. आक्का विचारायची, "पाळी गेली का गं कायमची, का अजून येरझाऱ्या घालतीय?" की दहा मिनिटांत त्या बाईचं सगळं आयुष्य टेबलावर. बायका मला 'सुईवाली' म्हणायच्या. पुढच्या वेळी आल्या की दारातून डोकावून विचारायच्या, "आक्का न्हाई व्हय आज?" आणि ती नसली तर परत फिरायच्या.

धडधाकट जाड बायकांच्या यादीत पहिलं नाव आक्काने स्वतःचं घातलं. तिचं रक्त मीच काढलं. त्या जाड दंडात शीर सापडेना. दोनदा टोचलं, हाती काही लागलं नाही. "शोध, शोध," ती म्हणाली, "आमच्या सुनंवानी हाय ती, हाक मारली की आत दडून बसती." बाहेरच्या बायका खळखळून हसल्या. तिसऱ्यांदा टोचताना मला थोडं बरं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी बायकांना स्वतःची छाती स्वतः तपासायला शिकवलं होतं. पुढे ते आक्काच शिकवू लागली, झंपरावरून हात फिरवून, हसत-हसवत. एका दुपारी डॉक्टरबाई दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आक्का नसत्या तर माझं काम अर्ध्यातच थांबलं असतं." मी समोर उभी होते. त्या संध्याकाळी मी मोठ्या डॉक्टरांना निनावी चिठ्ठी लिहिली. 'सदर आया अप्रशिक्षित असून रुग्ण स्त्रियांच्या खासगी बाबींची जाहीर चर्चा करते,' वगैरे. सकाळी ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

आक्काची बदली ऑपरेशनचे कपडे उकळायच्या खोलीत झाली. पहिल्या आठवड्यात मला मोकळं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात बाक रिकामा पडला. आलेल्या चार बायकांपैकी दोघी नाव सांगून निघून गेल्या. डॉक्टरबाईंनी येऊन मोठ्या डॉक्टरांशी वाद घातला आणि आक्काला परत आणलं. ती आली, चपला घालून काट्यावर चढली आणि आकडा वाचला. मला काहीच बोलली नाही. तिला काही ठाऊक नाही, असं मी धरून चालले.

त्यानंतर वर्षभराने असेल, एका सकाळी बायका यायच्या आधी तिने खोलीचं दार आतून लावलं. "काडीबाई, इकडं ये. हात लावून बघ."

"आक्का, मी डॉक्टर नाही."

"डॉक्टरकडं जायचंच हाय. आधी तू बघ आन् खरं सांग."

डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला, चिंचोक्याएवढी गाठ होती. कठीण, जागची न हलणारी. शेकडो बायकांना शिकवणाऱ्या आक्काने स्वतःला कधी चाचपलंच नव्हतं. अंघोळ करताना सहज हात लागला होता.

"आजच पुण्याला जायचं," मी म्हणाले. "उद्या नाही."

"एवढं?"

"एवढं."

तिने झंपराची बटणं लावली. "बरं. मग एसटी कितीची हाय ते बघ," म्हणाली.

तिच्याबरोबर मीच गेले. तपासणी झाली, ऑपरेशन झालं, छाती काढली. तिचं साठवून ठेवलेलं रक्त आता कुठल्या यादीत, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजार कळायच्या आधीचं रक्त आहे, ते फार मोलाचं. यादी तेवढी बदला." निरोग्यांच्या यादीतलं तिचं नाव मी खोडलं आणि दुसऱ्या यादीत लिहिलं. तेवढ्या एका ओळीला मला बराच वेळ लागला.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मी तिला संत्री सोलून देत होते. मला राहवलं नाही. "आक्का, ती चिठ्ठी मी लिहिली होती."

"ठाऊक हाय की." ती फोड चघळत राहिली. "डॉक्टरबाईंनी वाचून दावली तवाच वळखलं. दवाखान्यात तुझ्याबिगर एवढं सुद्ध कोन लिवतंय?"

"मग गाठ मला का दाखवलीत? एवढ्या बायका तुमच्यावर जीव टाकतात."

"त्या म्हनल्या असत्या, काय न्हाई आक्का, जिरंल. माया करनारं मानूस डोळं झाकून घेतंय. तू माझ्यावर जळत हुतीस. जळनारं मानूस नीट बघतंय." मग माझ्या हातातलं संत्रं घेऊन ती म्हणाली, "आन् खरंच नीट बघितलंस. रडू नगं आता, बिया काढ."

ती परत कामावर आली, पाच वर्षं राहिली. तेवढ्या काळात ती मला पुष्कळ शिकवून गेली : आधी बाईचं नाव विचारायचं, मग गाव, मग सुई काढायची. माझ्याकडेही बायका येऊ लागल्या. पण ती खोलीत असली की त्यांची तोंडं तिच्याकडेच वळायची आणि मी मनातून चरफडायचे, ते काही सुटलं नाही. नंतर आजार हाडात उतरला. मुलगा येऊन तिला राहूला घेऊन गेला. मी दोनदा भेटून आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अंगणात बायका बसलेल्या होत्या. मांडवगणच्याही होत्या. मला उशीर झाला होता.

तिची सून माझ्याजवळ येऊन बसली. हाक मारली की दडून बसणारी म्हणून आक्का जिची थट्टा करायची, तीच ही. डोळे सुजलेले होते. ती हळू आवाजात सांगत होती, शेवटचे दोन महिने आत्यांना कूस बदलता येत नव्हती, मीच अंघोळ घालायचे, मीच भरवायचे, माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हत्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी वेणी घालून दिली, म्हणाली, हातात बळ नव्हतं तरी.

मी ऐकत होते. तिच्या पाठीवर ती सैल, वेडीवाकडी वेणी अजून तशीच होती. त्या मुलीचं मला सांत्वन करायचं होतं, पण मी त्या वेणीकडेच बघत राहिले. तिचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कुणाचाच वाटला नव्हता, आक्काचासुद्धा.