एक्केचाळिसावी ओळ

तुरीची रास झाली की कमठाण्याच्या आमच्या अंगणात आठ-पंधरा दिवस एक वास राहतो. वाळलेल्या शेंगांचा, तापलेल्या मातीचा आणि भुसकटाच्या त्या बारीक धुळीचा, जी पाखडताना उन्हात पिवळी होऊन तरंगते आणि मग घशात जाऊन बसते. माघाचे ऊन ना कोवळे असते ना कडक. अशाच एका दुपारी मी आणि अक्का सुपे घेऊन बसलो होतो, आणि आमच्यापासून चार हातांवर, पालथ्या घातलेल्या पाटीवर लॅपटॉप मांडून, माझी भाची सुजाता आमच्या घराण्यातली माणसे एका जागेतून दुसऱ्या जागेत नेत होती.

ती हैदराबादला नोकरीला आहे. दोन वर्षे फोन करकरून, आणि माझ्या चुलत्यांच्या वहीवरून, तिने एक्सेलच्या तक्त्यात सगळी भावकी उतरवली होती. ओळीला एक माणूस, पुढे बाप, नवरा किंवा बायको, गाव, जन्माचे साल, मरणाचे साल. आमची माणसे पूर्वी मेंढरांमागे फिरत, मग शेतीत स्थिरावली, आणि गेल्या वीस वर्षांत पुन्हा उठून पुण्या-हैदराबादेकडे पांगली. सख्ख्या भावांची नातवंडे बसमध्ये शेजारी बसली तरी ओळखत नाहीत. म्हणून येत्या अमावास्येला बिरोबाच्या देवळात सगळ्यांनी जमायचे, आणि वंशावळीचा मोठा कागद छापून तिथे टांगायचा, असे ठरले होते. तक्त्यातल्या ओळी वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतल्या की त्यांचे आपोआप झाड होते, हे सुजाताने मला दाखवले. बापाच्या खाली लेक, लेकाच्या शेजारी सून, चौकटीला चौकट रेघेने जोडलेली. नौबादहून मी तूर पाखडायला म्हणून आले होते, पण खरे तर हेच पाहायला आले होते.

ओतता ओतता ते यंत्र मध्येच थांबून प्रश्न विचारी. नाव एक आणि नवराही एक असला, की ही दोन्ही माणसे एकच का, असे विचारी. सुजाता पटापट होकार देत होती.

"आत्या, बघ की, आजोबांनी वहीत आज्जीला दोनदा लिहिलंय. एक्केचाळीसला भागीरथी, बेचाळीसला बी भागीरथी."

तिने दोघींना एक केले, आणि लगेच चौकटीवर लाल खूण उमटली. ती वाचून सुजाता मोठ्याने हसली. "आईच्या मरणानंतर पोरं झाली म्हणायलंय हे! आज्जी, तू तर कवाच मेलीस की गं!"

"मेले असते तर ही तूर कुणी पाखडली असती, तुझ्या आजोबांनी?" अक्का सूप न थांबवता म्हणाली.

बाजेवर बसलेले काका, म्हणजे ते वहीवाले चुलते, ज्यांना सुजाता आजोबा म्हणते, गालात हसले. सुजाताने मरणाचे साल पुसून टाकले. लाल खूण गेली. झाड पुन्हा हिरवे, नीट, निर्दोष दिसू लागले.

माझे सूप मात्र हातातच राहिले. पुसले गेले ते साल चुकीचे नव्हते. ते माझ्या आईचे होते.

मी तीन वर्षांची असताना ती गेली. वर्षाच्या आत माझ्या वडिलांनी, अप्पांनी, दुसरे लग्न केले, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे नव्या नवरीला बोहल्यावरच पहिलीचे नाव दिले: भागीरथी. गळ्यात चांदीचा टाक घातला, त्यावर मेलेल्या सवतीची मूर्ती. घरात नवे लुगडे आले की ते आधी त्या टाकाला दाखवायचे, बांगड्याही आधी तिला. हीच अक्का. तिने मला न्हाऊ-माखू घातले, माझी गावातली चौथी होईपर्यंत रोज वेणी घातली, आणि पोटच्या पोरांत नि माझ्यात बोटभर अंतर कधी पडू दिले नाही. म्हणूनच घरात हे कुणी बोलत नव्हते. सुजाताला तो टाक म्हणजे आज्जीचा जुना दागिना एवढेच ठाऊक होते.

त्या क्षणी मला वाटले, या यंत्राने नवे काहीच केलेले नाही. दोघींना एक करण्याचे काम आम्ही पन्नास वर्षांपूर्वी हळद-कुंकू लावून केले होते. त्याने फक्त ते शेवटपर्यंत नेले. पण आता तो कागद छापला जाणार होता, आणि मग माझी आई जन्मलीही नव्हती आणि मेलीही नव्हती असे होणार होते. बोलावे, तर जिने मला वाढवले तिच्या तोंडावर, तू माझी आई नव्हेस, असे म्हणण्यासारखे. आणि काकांपुढे तर मी कधी डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय पाणीसुद्धा ठेवलेले नाही.

माझा आवाज मलाच परका वाटला. "सुजाता, त्या दोघी हायत्या. एक्केचाळीस माझी आई."

सुजाताचे बोट थांबले. काका बाजेवर सरळ झाले. "असू दे की गं एकात. नाव एक पडावं म्हणून तर ठेवत्यात. झाकलेलं कामून उघडायलीस?"

मी खाली बघितले. पण अंगात कुठून बळ आले कोण जाणे, मी पुन्हा म्हटले, "न्हाई काका. दोघी हायत्या."

मग अक्काकडे पाहण्याचे धैर्य गोळा केले. तिने सूप खाली ठेवले होते आणि गळ्यातला टाक चिमटीत धरला होता.

"बरं केलीस, शांते," ती म्हणाली. "मी बोलले असते, तर सवतीला वेगळी काढली म्हणाली असती भावकी. तू लेक हायस, तुझाच हक्क." मग सुजाताकडे वळून, "लिही गं. भागीरथी ह्या घरातलं नाव. तिच्या माहेरचं नाव सोजर."

पन्नाशी ओलांडलेल्या मी ते नाव पहिल्यांदा ऐकले.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारले.

"लग्नानंतर पंधरा दिसांनी मला तिच्या माहेरी धाडलं. मेलेल्या लेकीच्या जागी येते ती त्यांची लेकच की. तिच्या आईनं दारात माझ्या पायावर पाणी वतलं आन् सोजर म्हणून गळ्यात पडली. चार दिस ती मला सोजरच म्हणायली, मी व्हय व्हय म्हणायले. काय करतीस, माय रडायली होती." अक्काने पदराने नाकावरची धूळ पुसली. "आन् मी मन्नाएखेळ्ळीची निंगव्वा. ते बी घाल त्यात."

"आता हे समदं देवळात टांगायचं?" काका पुटपुटले.

"टांगा की! मी मेलेली न्हाई, एवढं तरी गावाला कळू द्या."

हसू आवरेना तसे काकाही हसले, आणि मग त्यांनीच वही मागून घेतली. त्या दुपारी ऊन भिंतीवर चढेपर्यंत आम्ही एक-एक होकार मागे घेत गेलो. काका नाव वाचत, अक्का आणि मी सांगत असू: ही पहिली, ही दुसरी, हिचे माहेर अमुक. घराण्यातल्या आणखी तीन बायका दुसरीच्या चौकटीतून बाहेर निघाल्या. झाड वाकडे-तिकडे झाले, रेघा एकमेकींना ओलांडू लागल्या, आणि मला ते आधीपेक्षा कितीतरी देखणे दिसले. मी मोठ्याने बोलत होते. काका माझ्याकडे पाहून थांबत होते, मी सांगेन म्हणून.

आईचे नाव मात्र मी माझ्या हाताने घातले. सुजाताने पडद्यावर मराठी अक्षरांची पाटी उघडून दिली. स शोधला, त्याला काना-मात्रा, मग ज, मग र. पाटीवर पेन्सिलीने लिहिताना लागायचा तेवढाच वेळ लागला. सुजाताने एक्केचाळिसाव्या ओळीतली साले पुन्हा भरली, आणि चौकट तयार होताच यंत्राने ती वजा करून खाली बारीक अक्षरांत लिहिले: वय बावीस. सुजाता चोवीस वर्षांची आहे. मी तिच्याकडे पाहिले, मग चौकटीकडे, आणि आईविषयी इतकी वर्षे मनात जे एक मोठे, पोक्त, डोक्यावर पदर घेतलेले माणूस उभे होते ते हलकेच खाली बसले, आणि तिथे एक पोर उभी राहिली, जिला अजून पुष्कळ काही करायचे होते.

तिच्या चौकटीच्या वर दोन रिकाम्या चौकटी आहेत, बापाची आणि आईची. तिच्या माहेरचे गाव भालकीच्या अंगाला आहे, असे अक्का सांगते. घर देवळाच्या मागे होते, आता कोण राहते तिला ठाऊक नाही. नौबादहून सकाळच्या बसने निघाले तर दुपारपर्यंत पोचता येईल. मी एकटी कधी परगावी गेलेली नाही, अनोळखी दारात तर कधीच नाही. पण दार उघडून कुणी विचारलेच, कोण तुम्ही, तर काय सांगायचे ते आता मला ठाऊक आहे.