आधी तुझ्या वेणीवर फिरव

"आधी तुझ्या वेणीवर फिरव. बघू जळतंय का."

नवरीची काकी असं म्हणाली आन खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. माझ्या हातात केसं सरळ करायचं प्रेसिंगचं मशीन, तापून लाल दिवा लागलेलं. उष्णतेचा आकडा काकीनंच शेवटाला नेऊन ठेवलेला. इस्लामपूरजवळचं ऊसवाल्यांचं लग्नघर. बाहेर सनई लावलेली.

मी तवा कराडच्या एका पार्लरात केसं जोडायचं काम करायची. या नवरीला आठ दिवस आधी मीच लांब केसं जोडून दिली हुती, मुळाशी चिकटपट्टीनं. तवाच बजावलं हुतं, पट्टीला तेल लागू द्यायचं न्हाई. मशीन फिरवायचं तर केसं खडखडीत वाळल्यावर, वरनं चटक्यापासनं वाचवायचा फवारा मारून, कमी आकड्यावर. आपला केस जळला तर मागनं नवा येतो. जोडलेला जळला की गेला, त्याला मूळ कुठाय?

पण हळदीला काकीनं रीत म्हणून वाटीभर तेल टाळूवर चोळलं. सकाळी पट्ट्या सरकल्या, म्हणून मला बोलावून घेतलं. मग तेल काढायला दोनदा डोकं धुतलं, आन पाणी निथळत असताना पोरीला माझ्या म्होरं बसवली.

"वलीच फिरव. मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबतोय व्हय?"

"आवं काकी, वल्या केसात पाणी उकळतंय. चटका टाळूपर्यंत जाईल. हिची सोताची केसं बी जातील."

त्यावर ती माझ्या वेणीचं बोलली.

आन मी फिरवलं. व्हय, फिरवलं. लाज वाटते सांगायला. माझी आई माण तालुक्यातल्या गावांतनं डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन हिंडायची. विंचरताना गळालेली केसं घ्यायची, बदल्यात भांडं द्यायची. बाया उंबऱ्यातनं गुंतवळ तिच्या पदरात वरनं टाकायच्या, हात लागू नये म्हणून. माझा पगार सुरू झाला तवा कुठं ती पाटी खाली उतरली. हे काम गेलं की पाटी परत तिच्या डोक्यावर. एवढंच माझ्या डोक्यात हुतं.

"धरून ठेव. लगेच सोडू नको," काकी म्हणाली.

चर्र झालं. धूर आला. शेंडा बोटात चुरला, आन तो वास नाकात बसला तो बसलाच.

"तोंड काय पाडतीस गं? केसंवालीची पोर तू. तुझ्या घरात केसाला काय तोटा?"

बाया परत हसल्या. नवरी तेवढी हसली न्हाई. आरशात तिचं डोळं मोठं झालेलं, मानेवरनं पाणी ठिबकत हुतं. काकीनं तिचं डोकं मागनं दाबून धरलं आन म्हणाली, "हं, आता हिला."

मी त्या डोक्याकडं बघत राहिले. गोळा केलेली गुंतवळच धुऊन, निवडून अशी विकायला येती. कुठल्या तरी आईच्या पदरात लांबनं टाकलेली केसं, तीच आज टाळूला चिकटवून मिरवायची! माझा संताप मला आवरंना. मी प्लग उपटला.

"माझी वेणी मी जाळून घेतली, ती माझी चूक. हिचं डोकं मी जाळणार न्हाई. वाळू द्या, न्हाई तर अंबाडा घाला."

"कराडात तुला कोण काम देतंय बघतेच."

"बघा."

पार्लरच्या मॅडमचा फोन आला. "जाऊन पाया पड, मगच कामावर ये." मी गेले न्हाई. काम सुटलं. आईनं फडकं घेतलं आन पाटी पुसायला लागली. मी तिच्या हातातनं ती काढून घेतली.

आता त्या पाटीत माझं मशीन हाय, फवारा हाय, पट्ट्या हायत. घरोघर मीच जाते. काकीनं चार दारं बंद केलीत, अजून करील. पण ज्या दारात जाईन तिथं उंबऱ्याबाहेर थांबणार न्हाई. त्यांनी मला आत बोलवायचं, माझ्या म्होरं बसायचं, केसं वाळवायची. आकडा मी लावणार. आन कुणी म्हटलं "आधी तुझ्या," तर मशीन पाटीत, पाटी काखेत.